कोरियन मालिका आणि फलकावर न मावणारा साताऱ्याचा इतिहास

मिरज-सांगलीच्या मोहल्ल्यांत कोरियन मालिका आता नवलाईची राहिलेली नाही. कॉलेजातल्या मुली मोबाईलवर हिंदी डबिंगमध्ये त्या पाहतात. त्यांच्या आयाही रात्रीचं आवरून झालं की सोबत बसतात. पुरुष मंडळी ‘चिनी पिक्चर’ म्हणून हसतात आणि आपल्या मोबाईलवर ‘अर्तुग्रुल’ लावतात. मी स्वतः प्रेमकथांपेक्षा ऐतिहासिक मालिकांची शौकीन आहे. कोरियन आणि जपानी अशा दोन्ही पाहते. इतिहास शिकवणं हा माझा पेशा असल्यामुळे असेल, पण त्या पाहताना लक्ष सारखं सातारा-सांगलीकडे वळतं. या मालिकांविषयी माझं जे मत बनलं आहे, ते इथल्या इतिहासाशी जोडूनच मांडते.

सुरुवात ‘डे जांग गम’पासून करते. 2003-04 मध्ये कोरियाच्या एमबीसी वाहिनीवर 54 भागांत दाखवलेली ही मालिका 2006 च्या सुमारास आपल्या दूरदर्शननेही हिंदीत दाखवली होती. जवळपास त्याच काळात ती इराणच्या सरकारी वाहिनीवर लागली आणि तिथे घराघरांत पोचली. कथा सोळाव्या शतकातली आहे. एक अनाथ मुलगी राजवाड्याच्या मुदपाकखान्यात कामाला लागते. खोट्या आळापायी तिला हद्दपार केलं जातं. दूरच्या बेटावर ती वैद्यकी शिकते आणि शेवटी खुद्द राजावर उपचार करते.

या कथेचा ऐतिहासिक आधार किती? जोसॉन घराण्याच्या दरबारी नोंदींमध्ये राजा जुंगजोंगच्या काळात जांग गम नावाच्या एका वैद्य स्त्रीचे मोजके उल्लेख आहेत. तेवढ्यावर लेखिका किम यंग-ह्यून यांनी 54 भागांचं विश्व उभं केलं. त्यातला बराचसा भाग कल्पित आहे आणि तो तसा आहे हे कोरियात कोणी लपवत नाही. तरीही मालिका खरी वाटते, कारण तिच्यात राजा कडेला आहे आणि स्वयंपाकघर मध्यभागी. भाजी कशी मुरवायची, आजाऱ्याला कोणतं अन्न वर्ज्य, हुकूम चुकला तर मार कोणाला पडतो, अशा गोष्टींतून ते राज्य समजतं. खलनायिका चोईसुद्धा नुसती दुष्ट बाई नाही. घराण्याच्या लोभाने तिला लहानपणापासून कसं जखडलं, हे आपण पाहतो. तिचा राग येतो आणि कीवही येते.

या दरबारी नोंदींची एक हकीकत मी वर्गात नेहमी सांगते. 1404 मध्ये राजा तेजोंग शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडला. उठल्याबरोबर तो म्हणाला, हे इतिहास लिहिणाऱ्याला कळू देऊ नका. लिहिणाऱ्याने राजा पडल्याचं तर लिहिलंच, पण ‘कळू देऊ नका’ म्हणाला हेही लिहून ठेवलं. राजाला स्वतःविषयीच्या या नोंदी वाचण्याची मुभा नसे. 25 राजांच्या 472 वर्षांचा हा दस्तऐवज आज कोणालाही संगणकावर फुकट वाचता येतो. मालिकेने काय घेतलं आणि काय रचलं, हे प्रेक्षक स्वतः ताडून पाहू शकतो.

जपानची रीत वेगळी आहे. तिथली सार्वजनिक वाहिनी एनएचके 1963 पासून दर रविवारी रात्री एक ऐतिहासिक मालिका दाखवते. एक चरित्र साधारण वर्षभर चालतं. या मालिकांना ‘तायगा’ म्हणजे महानदी म्हणतात. पहिल्याच तायगाचा नायक कोण होता? ई नाओसुके. 1858 मध्ये अमेरिकेशी करार करणारा, विरोधकांना तुरुंगात घालणारा आणि 1860 मध्ये भर बर्फात राजवाड्याच्या दरवाज्याशी कापला गेलेला प्रधान. अनेकांच्या लेखी तो खलनायक होता. 2020 च्या मालिकेचा नायक होता आकेची मित्सुहिदे. 1582 मध्ये आपल्या धन्यावर, नोबुनागावर, चालून गेलेला हा सरदार तिकडे दगाबाजीचा पर्याय बनून राहिलेला आहे. ती मालिका त्याला निर्दोष ठरवत नाही. एवढा सुसंस्कृत माणूस त्या पहाटेपर्यंत कसा पोचला, एवढंच ती विचारते. प्रत्येक भागाच्या शेवटी दोन-चार मिनिटं त्या कथेतली गावं, देवळं, थडगी आज कशी दिसतात ते दाखवतात. लोक मग सुटीत तिथे जातात.

आता आपल्याकडे येऊ. सांगलीला नाटकाचं मोठेपण मी सांगायला नको. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ केलं ते इथेच. ‘कीचकवध’ लिहिणारे खाडिलकर सांगलीचेच. 1907 मधलं ते नाटक पुराणातलं असूनही कीचकात लोकांना कर्झन दिसला आणि 1910 मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. गोष्ट जुनी असली तरी प्रेक्षक ती आजची म्हणून पाहतो, हे या जिल्ह्याला शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक होतं.

म्हणूनच ऐतिहासिक मालिकांतला मुसलमान हा माझ्यासाठी निव्वळ आवडीनिवडीचा विषय नाही. मी पाहिलेल्या बहुतेक मराठी मालिकांमध्ये तो डोळ्यांत सुरमा घालून, मांडीवर थाप मारत, मोठमोठ्याने हसत येतो. त्याला घर नसतं, आई नसते, शंका नसते. आमच्या नात्यातल्या एका मुलाला शाळेत वर्षभर ‘खान आला’ म्हणून हाक मारत. मारणारी पोरं वाईट नव्हती. रात्री जे बघत होती तेच सकाळी खेळत होती.

खेळ पुढे कुठवर जातो हेही आपण पाहिलं आहे. 2009 च्या सप्टेंबरात गणेशोत्सवातल्या कमानीवरच्या अफझलखान वधाच्या चित्रावरून मिरजेत दंगल पेटली. संचारबंदी लागली. ज्या गावात सतारीचे भोपळे कोरणारे कारागीर आणि त्या सतारी वाजवणारे कलावंत पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिले, अब्दुल करीम खाँसाहेबांनी ज्या दर्ग्यात हजेरी लावली, त्या गावात. 10 सप्टेंबर 2023 च्या रात्री सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या पोस्टवरून जमाव मशिदीवर चालून गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. दंगली मालिकांमुळे होतात असं मी म्हणत नाही. त्यांची कारणं राजकारणात असतात. पण पेटवणाऱ्याला चित्र आयतं मिळतं आणि ते चित्र रोज रात्री कोणीतरी घोटून देत असतं.

यावर आपलं उत्तर काय असतं? आपण यादी पाठवतो. नूरखान बेग, सिद्दी इब्राहिम, काझी हैदर, दौलतखान. महाराजांच्या सैन्यात किती मुसलमान होते याचे आकडे फिरवतो, त्यातले बरेच कोणत्याच कागदात सापडत नाहीत. यादीतली खरी नावं खरीच आहेत आणि ती सांगायलाही हवीत. पण यादीने कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. ती आरोपीने दिलेल्या जबाबासारखी वाटते. आणि ‘अर्तुग्रुल’? त्या मालिकेने आपल्या पोरांना उमेद दिली हे मान्य. पण नीट पाहा, साचा तोच आहे. तिथला क्रूसेडर आपल्या मालिकांतल्या खानासारखाच खदाखदा हसतो. फक्त आपण या वेळी दुसऱ्या बाजूला बसलो आहोत, म्हणून खुपत नाही.

जांग गम किंवा मित्सुहिदेची उंची गाठेल अशी कथा आपल्या मातीत नाही का? आहे, आणि ती साताऱ्याचीच आहे.

1689 मध्ये रायगड पडला. सात वर्षांचे शाहू आणि त्यांच्या मातोश्री येसूबाई मुघलांच्या कैदेत गेल्या. पुढची साडेसतरा वर्षं शाहू औरंगजेबाच्या छावणीत वाढले. ज्या बादशहाने त्यांच्या वडिलांना ठार केलं, त्याच बादशहाने त्यांना राजा हा किताब आणि सात हजारी मनसब दिली. छावणीत त्यांची काळजी घेतली ती बादशहाच्या मुलीने, झीनतुन्निसा बेगमने. ती अविवाहित होती, म्हाताऱ्या बापाची सगळी व्यवस्था पाहत होती. बाप मुलाचा शत्रू आणि मुलगी त्याची माया करणारी. हा एकच तंबू घेऊन कोरियन लेखकाने वीस भाग लिहिले असते.

1703 मध्ये शाहूंनी इस्लाम स्वीकारावा असा दबाव आला. रियासतकार सरदेसाईंनी दिलेली हकीकत अशी की, तेव्हा बेगमने रदबदली केली आणि शाहूंच्या बदली प्रतापराव गुजरांचे मुलगे, खंडेराव आणि जगजीवन, मुसलमान झाले. प्रतापराव म्हणजे महाराजांचे सरनौबत, खटाव तालुक्यातल्या भोसऱ्याचे. 1674 मध्ये नेसरीच्या खिंडीत बहलोलखानाच्या फौजेवर मोजक्या स्वारांनिशी तुटून पडून मेलेले. त्यांची मुलगी राजाराम महाराजांना दिलेली. अशा बापाच्या मुलांनी आपल्या राजाचा धर्म राहावा म्हणून स्वतःचा बदलला. सुटकेनंतर शाहूंनी त्यांना अंतर दिलं नाही, इनाम दिलं. त्यांचा वंश सज्जनगडाच्या पायथ्याशी परळीत नांदला.

ही कथा कोणाच्याच फलकावर मावत नाही. ज्याला फक्त मुघलांचा जुलूम दाखवायचा आहे, त्याला झीनतुन्निसा अडचणीची. ज्याला मुघलांचा उदारपणाच दाखवायचा आहे, त्याला 1703 चा दबाव अडचणीचा, आणि तो दबाव होता हे आपण मुसलमानांनी मोकळेपणाने म्हटलं पाहिजे. खंडेराव गुजरांना तर दोन्हीकडचे झेंडे वापरू शकत नाहीत. धर्म बदललेला माणूस एकनिष्ठ कसा, आणि एकनिष्ठेपोटी बदललेला धर्म कसला? मला याचं उत्तर द्यायचं नाही. पण पन्नास भाग हा प्रश्न घरोघरी ताटावर चर्चिला गेला, तर ‘खान आला’ म्हणणाऱ्या पोराची जीभ क्षणभर थबकेल. भोसरे आणि पुसेसावळी एकाच तालुक्यात आहेत.

पुढचा भागही कमी नाट्यमय नाही. 1700 मध्ये औरंगजेबाने साताऱ्याचा किल्ला जिंकला आणि मुलाच्या नावावरून त्याला आझमतारा म्हटलं. 1707 मध्ये बाप वारल्यावर त्याच आझमशहाने शाहूंना सोडलं, आणि 12 जानेवारी 1708 रोजी शाहूंचा राज्याभिषेक झाला तो साताऱ्यातच. येसूबाई मात्र दिल्लीत ओलीस राहिल्या. त्या 1719 मध्ये परतल्या, म्हणजे कैदेत जाऊन तीस वर्षं झाल्यावर. सुटून येताना शाहूंनी खुलताबादेला बादशहाच्या कबरीचं दर्शन घेतलं असंही सांगितलं जातं. त्या वेळी त्यांच्या मनात राग होता, माया होती की राजकारण, हे कागद सांगत नाहीत. तिथेच नाटककाराचं काम सुरू होतं.

कागदांची उणीव आहे असं म्हणण्याचीही सोय नाही. साताऱ्यात रावबहादूर पारसनिसांनी आयुष्यभर कागद, चित्रं, फर्मानं गोळा केली. मिरजेत वासुदेवशास्त्री खऱ्यांनी शाळेत शिकवत असताना पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंडामागून खंड काढले. हे दोघे याच दोन जिल्ह्यांत बसून काम करत होते. त्या पत्रांमध्ये लढाया आहेत, तसे कर्ज, आजारपण आणि रुसवेफुगवेही आहेत.

कोरिया-जपानचं मी आरसपानी चित्र रंगवत नाही. कोरियन मालिकांतला जपानी अधिकारी पुष्कळदा आपल्या खानाचाच भाऊ असतो. प्रेक्षकांचा संतापही तिथे कमी नाही. 2021 मध्ये ‘जोसॉन एक्सॉर्सिस्ट’ ही मालिका इतिहासाचा विपर्यास केल्याच्या आरोपावरून दोन भागांतच बंद पडली. त्यात वादात सापडलेला राजा तोच, घोड्यावरून पडलेला तेजोंग. पूर्वजांच्या मोठेपणाची कातडी तिथेही पातळच आहे. फरक एवढाच की सहा दशकांच्या सवयीमुळे तिथल्या निर्मात्याला पराभूत, परका, बदनाम माणूस नायक म्हणून सुचतो, आणि त्याला पैसा पुरवणारी वाहिनीही सापडते.

माझी मागणी मराठी वाहिन्यांकडे आहे तशी आपल्या लिहिणाऱ्या मुलामुलींकडेही आहे. यादी पुरे झाली. संवाद लिहा. छावणीतल्या मुदपाकखान्यात मराठी कैद्यांचं जेवण कोण रांधत होतं, येसूबाई आणि बेगम कोणत्या भाषेत बोलल्या असतील, खंडेराव पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याच्या आईने दार कसं उघडलं असेल, हे तुम्ही लिहू शकता. तुमच्याइतकं ते कोणाला जमणार? घरात दखनी आणि दारात मराठी बोलत वाढलेल्यांना त्या छावणीचा कान उपजत आहे. जिथे कागद आहे तिथे कागद पाळा, नाही तिथे रचा, आणि रचलं ते रचलं म्हणून सांगा. भागाच्या शेवटी चार मिनिटं भोसरे, परळी, अजिंक्यतारा दाखवा. दिल्लीत दर्यागंजला झीनतुन्निसाने बांधलेली झीनत-उल-मसाजिद अजून उभी आहे, कॅमेरा तिथवरही न्या.