तळटीप : बेटांवरचे स्वस्त साहसपट

लेखकाने येथे उल्लेखलेले ‘बेटांवरचे चित्रपट’ म्हणजे १९५०च्या दशकात अमेरिकेत अत्यल्प खर्चात निघालेले साहसपट. एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याची तेथे पद्धत होती. जोडीतली जागा भरायला असे चित्रपट झटपट लागत. रॉजर कॉर्मन यांनी हवाई बेटांतल्या कवाईवर एकाच मुक्कामात ‘नेकेड पॅरडाइज’ (१९५७) आणि ‘शी गॉड्स ऑफ शार्क रीफ’ (१९५८) असे दोन चित्रपट पाठोपाठ उरकले. प्रवासखर्च एकदाच, समुद्र आणि माडांच्या रांगा तर फुकटच. हवाई तेव्हा अमेरिकेचे राज्यही नव्हते; ते १९५९मध्ये झाले.

बहुतेकांना मात्र एवढेही परवडत नसे. ‘अटॅक ऑफ द क्रॅब मॉन्स्टर्स’ (१९५७) या कॉर्मन यांच्याच चित्रपटातले पॅसिफिकमधले बेट कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर उभे राहिले. त्यातला अवाढव्य खेकडा आत शिरलेला माणूस हलवी, तर नांग्या-पाय तारांनी ओढले जात. त्या तारा दिसल्या तरी गोष्टीतली भीती पोकळ ठरत नाही. अणुचाचण्यांच्या किरणोत्सर्गाने वाढलेले हे खेकडे माणसे खातात आणि खाल्लेल्यांच्याच आवाजात त्यांच्या सोबत्यांना हाका मारतात. इकडे बेट तुकड्यातुकड्याने समुद्रात ढासळत असते. पॅसिफिकमधल्या बिकिनी प्रवाळबेटांवर अमेरिकेच्या खऱ्या अणुचाचण्या १९४६पासून १९५८पर्यंत झाल्या, आणि त्यापायी तिथल्या रहिवाशांना घरदार सोडावे लागले. या चित्रपटांना निव्वळ टाकाऊ करमणूक म्हणणे म्हणूनच अन्यायाचे आहे. त्यांचा खरा दोष वेगळा : बेटावरची माणसे त्यांत बहुधा नवस-बळी देणारा जमाव म्हणूनच येतात.