तेरा पणत्या

वसुबारसेच्या संध्याकाळी माझी नात ओट्यावर पणत्या मांडीत होती. बारा होत्या तोवर सारे सुरळीत चालले होते. तीन-तीनच्या चार ओळी करा, नाहीतर सहा-सहाच्या दोन, कशाही मांडा. इतक्यात धाकट्याने घरातून आणखी एक आणली आणि ओळी काही केल्या जुळेनात.

"आजोबा, ही तेरावी परत न्या पाहू! सगळा घोळ करते आहे."

"अगं, घोळ पणतीचा नाही, तेराचा आहे," मी म्हटले. एका लांबलचक रांगेवाचून तेरा दुसऱ्या कोणत्याच सारख्या ओळींत बसत नाही. त्याला एकाने आणि खुद्द तेरानेच निःशेष भाग जातो. अशा संख्येला मूळसंख्या म्हणतात. दोन, तीन, पाच, सात, अकरा ही सारी त्याच घराण्यातली. बाराचे तसे नाही. तो दोन, दोन आणि तीन यांच्या गुणाकारातून जन्मला. एकाहून मोठी कोणतीही संख्या घ्या, ती एकतर मूळसंख्या असते, नाहीतर मूळसंख्यांचा गुणाकार.

मग पाटी आली. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख इराटोस्थेनिस याने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सांगितलेली युक्ती आम्ही करून पाहिली. दोनपासून शंभरपर्यंत आकडे लिहायचे, दोन ठेवून त्याच्या पाढ्यातले बाकीचे खोडायचे, मग तिनाच्या, पाचाच्या, साताच्या पाढ्यातले. चाळणीतून धान्य निवडावे तशा पंचवीस मूळसंख्या उरतात. त्या कधीच संपत नाहीत हे युक्लिडने त्याच्याही आधी सिद्ध करून ठेवले होते.

"पण आजोबा, यांचा उपयोग काय?"

हा प्रश्न मला दुसऱ्यांदा विचारला जात होता. १९७० साली, मी नवा मास्तर असताना, मागच्या बाकावरच्या एका मुलाने तो विचारला होता. मी ऐटीत उत्तर दिले, "उपयोग काही नाही. उपयोगच हवा असेल तर वाण्याच्या दुकानात बैस." वर्ग हसला. मुलगा खाली बसला, तो वर्षभर पुन्हा काही विचारायला उठला नाही. माझ्या बाजूने एवढेच म्हणता येईल की चूक करणारा मी एकटा नव्हतो. रामानुजनला केंब्रिजला बोलावून घेणारे हार्डी यांनी १९४० साली आपल्या पुस्तकात अंकगणिताच्या या शाखेचा व्यवहाराशी संबंध नाही, असेच अभिमानाने लिहिले होते.

नातीला मी उत्तर म्हणून एक गोष्ट सांगितली. मर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६४४ साली मूळसंख्यांची एक यादी दिली. सदुसष्ट वेळा दोन घेऊन गुणाकार करा आणि एक वजा करा. येणारी एकवीस अंकी संख्या मूळसंख्या आहे, असा त्यात दावा होता. १८७६ साली ल्युका याने तो खोटा ठरवला, पण त्या संख्येचे अवयव त्यालाही सापडले नाहीत. ऑक्टोबर १९०३ मध्ये अमेरिकन गणितज्ञांच्या सभेत कोल नावाचे प्राध्यापक उठले आणि, असे सांगतात, एक शब्दही न बोलता फळ्यावर १९३७०७७२१ ला ७६१८३८२५७२८७ ने गुणू लागले. उत्तर आले १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, म्हणजे तीच संख्या! हे शोधायला किती काळ लागला असे पुढे कोणी विचारले, तेव्हा ते म्हणाले म्हणे, "तीन वर्षांचे रविवार."

बालमित्रांनो, सारी मेख येथे आहे. गुणाकार एका बैठकीत झाला, अवयव पाडायला तीन वर्षे गेली. १९७७ साली अमेरिकेत रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी याच अडचणीचे कुलूप केले. दाबले की लागणारे कुलूप कोणीही लावू शकतो, उघडायला मात्र किल्ली लागते. तसेच हे. दोन प्रचंड मूळसंख्यांचा गुणाकार उघड सांगून टाकायचा. त्याच्या आधाराने कोणीही आपल्याला गुप्त निरोप धाडावा. तो उलगडण्याची किल्ली ज्याला ते दोन अवयव ठाऊक त्याच्यापाशीच. त्यांनी नमुन्यादाखल दिलेली १२९ अंकी संख्या फोडायला १९९४ साल उजाडले, आणि त्यासाठी सुमारे ६०० माणसांनी आठ महिने आपापले संगणक राबवले. आता अशा कुलपांत सहाशेवर अंकांच्या संख्या घालतात. तुमच्या आईने फोनवरून विजेचे बिल भरले, तर वाटेत कोठेतरी असल्या संख्या पहाऱ्यावर असण्याचा पुष्कळ संभव आहे. म्हणजे माझे ते ऐटीतले उत्तर सात वर्षेही टिकले नाही. तो मुलगा कोठे असेल कोण जाणे. भेटला तर त्याला हे सांगायचे आहे.

नातीचा विश्वास बसेना. तेव्हा मी धाकट्याला ८९ गुणिले ९७ करायला दिले आणि नातीला नुसते उत्तर, ८६३३, देऊन म्हटले, "याचे अवयव पाड." धाकट्याचे गणित दोन मिनिटांत झाले. ती तीन, सात, अकरा, तेरा असे एकेक भागून पाहत राहिली. मध्येच म्हणाली, "आजोबा, ही नक्की मूळसंख्याच आहे!" मी मान हलवली. चोविसाव्या मूळसंख्येला, एकोणनव्वदला, भाग गेला तेव्हा ती जागेवरून उडालीच. तोवर धाकट्याने डब्यातल्या तीन करंज्या संपवल्या होत्या.