हिरडी खाली सरकली, तर टाळूचे कलम लावता येते

आरशात एखादा दात शेजारच्यापेक्षा लांब दिसू लागतो. गार पाणी लागले की सणक जाते, ब्रश फिरवताना दाताच्या बुडाशी खाच जाणवते. दात वाढलेला नसतो, हिरडी मुळाकडे सरकलेली असते. मुळावर दाताच्या वरच्या भागासारखे टणक एनॅमल नसते, म्हणून उघड्या मुळाला ठणका लागतो, ते झिजते आणि कीडही लवकर धरते.

कारणे बहुतेक घरातलीच. कडक ब्रश आडवा, जोर लावून घासणे हे त्यातले मोठे. दातांवर साचलेले किटण आणि त्यातून होणारा हिरडीचा आजार हे दुसरे. काहींची हिरडी मुळातच पातळ असते, काहींचा दात ओळीबाहेर आलेला असतो. बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात मिश्रीची सवय अजून आढळते. भाजलेल्या तंबाखूची ही पूड बोटाने रोज रगडली की हिरडीला दुहेरी मार बसतो. मिश्रीने दात घट्ट होतात, हा समज साफ खोटा आहे.

एकदा सरकलेली हिरडी आपोआप वर येत नाही. पेस्टने ठणका कमी होतो, हिरडी वाढत नाही. जाहिरात काहीही म्हणो. मात्र प्रत्येक सरकलेल्या हिरडीला शस्त्रक्रिया लागतेच असेही नाही. हिरडी वर्षानुवर्षे तिथेच स्थिर असेल, त्रास नसेल, तर ब्रश करण्याची पद्धत सुधारून लक्ष ठेवले तरी चालते. सरकणे वाढत असेल, ठणका थांबत नसेल किंवा पुढचा दात विचित्र दिसत असेल, तेव्हा कलमाचा विचार होतो.

कलमासाठीची ऊती रुग्णाच्याच टाळूतून, दाढांच्या आतल्या बाजूने घेतात. काम जागेवर भूल देऊनच होते. जुन्या पद्धतीत टाळूचा वरचा थर पातळ काढून हिरडीच्या जागी शिवतात. खालच्या पुढच्या दातांसाठी ती आजही वापरतात, कारण तिथे घट्ट, जाड हिरडीची गरज असते. पण रंग जुळत नाही, फिकट ठिगळ दिसत राहते आणि टाळूवरची जखम उघडी राहते. १९८५ मध्ये लँगर व लँगर यांनी मांडलेल्या पद्धतीत टाळूची वरची त्वचा तशीच ठेवून तिच्या आतली संयोजी ऊती काढतात, मुळावर ठेवतात आणि हिरडीचा पडदा वर ओढून तिच्यावर शिवतात. कलमाला खालून आणि वरून, दोन्हीकडून रक्त मिळते, म्हणून ते जगण्याची शक्यता वाढते. मूळ झाकण्यासाठी आज हीच सर्वांत भरवशाची पद्धत मानली जाते.

पहिले दोन-तीन दिवस कलमाला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. आजूबाजूच्या द्रवावरच ते तगते, मग नव्या वाहिन्या त्यात शिरतात. म्हणूनच ओठ ओढून सारखे टाके बघायचे नाहीत! कलम हलले की मेले. तिथे साधारण दोन आठवडे ब्रश बंद, डॉक्टरांनी दिलेल्या औषधाने चुळा, जेवायला कोमट पेज, मऊ भात, ताक. हिरडीपेक्षा टाळूच जास्त दुखते, हे आधीच माहीत असलेले बरे.

मूळ पूर्ण झाकले जाईल का, हे दोन दातांमधल्या हाडावर आणि हिरडीवर ठरते. ती शाबूत असेल तर पूर्ण झाकण्याची आशा धरता येते. ती गेली असेल तर अर्धवट, आणि फारच गेली असेल तर कलमाने मूळ झाकले जात नाही. तपासणीतच हे स्पष्ट विचारून घ्यावे. आधी किटण काढून हिरडीची सूज उतरवावी लागते, मधुमेह आटोक्यात असावा लागतो आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना सांगावे लागते. त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

हे काम हिरडीरोगतज्ज्ञाचे, म्हणजे बीडीएसनंतर त्याच विषयात एमडीएस केलेल्याचे. बेळगाव, बांबोळी, इंदूर, हैदराबाद इथल्या दंत महाविद्यालयांत हा विभाग असतो. खासगी दवाखान्यापेक्षा तिथला खर्च सहसा कमी, फेऱ्या मात्र जास्त. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत कलमाचा निकाल कमी चांगला लागतो, म्हणून तज्ज्ञ आधी ती सोडायला सांगतात. मिश्री चालू ठेवून कलम केले, तर ज्या रगडण्याने हिरडी गेली ते रगडणे नव्या हिरडीवरही सुरूच राहते.