चाळ ते सोसायटी : आपल्या जागेची गोष्ट

आपली सोसायटी पंचवीस वर्षांची झाली, पण आपली जागा त्याहून कितीतरी जुनी. नव्या पिढीला आणि अलीकडे राहायला आलेल्या मंडळींना इथे आधी काय होतं याची कल्पना नसते, म्हणून स्मरणिका समितीने सांगितल्यावर हे चार शब्द लिहिते आहे.

गिरण्या, गोदी, छापखाने, कचेऱ्या यांत काम करायला कोकणातून आणि देशावरून माणसं मुंबईत आली. त्यांच्यासाठी मालकांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या, त्याच गिरगावातल्या चाळी. १८९६ साली प्लेग आला आणि १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने दाट वस्तीतून सँडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, काढला. वस्तीत हवा खेळू लागली, पण त्यासाठी घरं पाडली गेली. जुनं पाडलं की तिथला राहणारा कुठे जातो, हा प्रश्न आपल्या भागात तेव्हापासूनचा आहे.

आमची चाळ तीन मजली, लाकडी जिन्याची. दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात मोरी, गॅलरीच्या टोकाला सामाईक संडास. जवळच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. तिथे दर्शनाला जाताना आमची सगळी चाळच रांगेत असायची.

एवढ्या मोक्याच्या जागी सामान्य माणूस राहिला कसा? भाड्यामुळे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवलं. कारकून, शिक्षक, गिरणी कामगार त्यामुळेच इथे टिकले. पण त्याच भाड्यात मालकाला दुरुस्ती परवडेना. तुळया कुजल्या, गॅलरीला टेकू लागले. १९६९ च्या कायद्याने उपकर घेऊन दुरुस्ती करणारं मंडळ आलं, पण आमच्याकडे एक टेकू काढला की दुसरा लागायचा. ज्या कायद्याने माणसं वाचवली, त्यानेच इमारत थकवली, असं मला वाटतं.

मग ३३(७) चा नियम आला. सत्तर टक्के भाडेकरूंची संमती, आणि प्रत्येकाला किमान २२५ चौरस फुटांचं घर मालकीचं. सह्या करताना माझे वडील दोन दिवस गप्प होते. म्हणाले, "घर मिळेल गं, पण गॅलरी मिळणार नाही." ट्रान्झिट कॅम्पमधली वर्षं कशी काढली ते जुन्या सभासदांना विचारा. परत आलो तेव्हा दाराला लॅच होतं आणि शेजारी कोण राहतं ते ठाऊक नव्हतं.

शेजारच्या खोताच्या वाडीत उलट प्रश्न. दादोबा वामन खोत यांच्या नावाची ती वाडी बघायला लांबून लोक येतात. पण तिथली पासष्टच्या आसपास असलेली जुनी घरं आता निम्म्यापेक्षा कमी उरली आहेत. कौतुक करणारे पुष्कळ. लाकूड, कौलं आणि सुताराचा खर्च मात्र ज्याचा त्यालाच.

आपल्याकडे इमारत गेली, माणसं राहिली, असं आपण अभिमानाने म्हणतो. पण नावांच्या पाटीकडे जरा बघा. भाडं महिना काही रुपये होतं. आता लिफ्ट, पंप, वॉचमन, सगळं मेन्टेनन्समध्ये येतं. पेन्शनवर राहणाऱ्याला ते जड जातं. कुणी विरारला गेलं, कुणी डोंबिवलीला. त्यांना कुणी हाकललं नाही. त्यांना परवडलं नाही, एवढंच.

म्हणून दोन विनंत्या. घरात जुन्या भाडेपावत्या, चाळीचे फोटो, गणपतीच्या वर्गणीच्या वह्या असतील तर कार्यालयात आणून द्या, त्यांच्या प्रती काढून ठेवू. आणि यापुढे वार्षिक सभेत नवा खर्च मंजूर करताना, सर्वात कमी पेन्शनवाल्या सभासदाला तो झेपेल का, हे आधी विचारू या. पन्नासाव्या वर्षाच्या स्मरणिकेत चाळीतली थोडी तरी नावं असावीत, एवढीच इच्छा.