हुरडा, गरम भाकरी आणि मंगळवेढ्याची काळी माती: ताटातलं हे छोटं सुख येतं कुठून?

डिसेंबर उजाडला की मोबाईलवर एक फोटो हमखास दिसू लागतो. शेतात अंथरलेलं पोतं, त्यावर हिरवागार हुरडा, शेजारी शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा आणि दह्याची वाटी. खाली ओळ असते, 'सुख म्हणजे हेच!'

फोटो कुठलाही असो, सोलापूरकराला तो पाहताना मंगळवेढा आठवतो. ज्वारीचं कोठार अशी या तालुक्याची ओळख आहे. इथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय टॅगही मिळाला. आंब्यात जसा देवगड हापूस, तशी ज्वारीत मंगळवेढ्याची मालदांडी.

हुरडा आणि भाकरी या तशा साध्या गोष्टी. पण त्यामागे मातीचं शास्त्र आहे, बायकांच्या हातचं कसब आहे, दुष्काळाची आठवण आहे आणि आज एक काळजीही आहे. एकेक करून समजून घेऊ.

मंगळवेढा आणि ज्वारीचं नातं काय आहे?

मंगळवेढा हा सोलापूर जिल्ह्यातला कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेला तालुका. पंढरपूरपासून साधारण २५ आणि सोलापूरपासून साधारण ५५ किलोमीटरवर. गाव जुनं. बाराव्या शतकात ही कलचुरी राजांची राजधानी होती, आणि महात्मा बसवेश्वरांच्या आयुष्यातला महत्त्वाचा काळ इथे गेला. पुढे संत चोखामेळा, संत कान्होपात्रा आणि संत दामाजी यांच्यामुळे मंगळवेढा 'संतांची भूमी' म्हणून ओळखलं जाऊ लागलं.

इथली जमीन मात्र आणखी वेगळी. तालुक्याच्या मोठ्या भागात खोल, काळीभोर, चिकण माती आहे. तिच्यात पिकणारी मालदांडी ज्वारी पांढरीशुभ्र, टपोरी आणि मोत्यासारखी चमकदार असते. भाकरी चवीला गोडसर लागते आणि मऊ राहते.

मालदांडी हे या भागातलं जुनं, स्थानिक वाण. शेजारच्या मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रात स्वातंत्र्यापूर्वीच त्यातून निवड करून 'एम ३५-१' हे वाण तयार झालं. नंतर कितीतरी नवी वाणं आली, पण भाकरीच्या चवीचा विषय निघाला की तुलना अजूनही मालदांडीशीच होते. केंद्र सरकारच्या हमीभावाच्या यादीतही 'संकरित ज्वारी' आणि 'मालदांडी ज्वारी' अशा दोन वेगळ्या ओळी असतात. २०२५-२६ साठी मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये आहे, संकरित ज्वारीपेक्षा ५० रुपयांनी जास्त.

पाऊस संपल्यावर पेरलेलं पीक वाढतं कसं?

ही रब्बी ज्वारी. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे पावसाळा सरत आल्यावर. पुढचे चार महिने आभाळातून जवळपास काहीच पडत नाही. बहुतेक ठिकाणी पाणीही दिलं जात नाही. मग पीक जगतं कशावर?

उत्तर मातीत आहे. खोल काळ्या मातीतले चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि ते बराच काळ धरून ठेवतात. पावसाळ्यात शेत रिकामं दिसतं, पण खाली दोन-तीन फुटांपर्यंत ओल साठत असते. ज्वारीची मुळं त्या ओलीच्या मागे खोल जातात. पानांवर आणि ताटावर मेणासारखा पातळ थर असल्याने पाणी कमी उडतं. फारच ताण पडला तर पानं सुरळी होऊन उन्हाला कमी अंग दाखवतात.

शेतकऱ्याचं काम असतं ही साठवलेली ओल राखण्याचं. काळी माती वाळली की तिला भेगा पडतात आणि त्यातून ओल उडून जाते. म्हणून कोळपणी करायची. कोळप्याने वरची माती भुसभुशीत झाली की भेगा बुजतात, तणही जातं. 'एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी' असं शेतकरी म्हणतात ते यामुळेच.

हुरडा एवढा गोड का लागतो?

हुरडा म्हणजे ज्वारीचे कोवळे, हिरवे, भाजलेले दाणे. पण दाणा कुठल्याही वेळी काढून चालत नाही.

कणीस भरू लागतं तेव्हा दाण्यात आधी दुधासारखा पातळ रस असतो. त्यात साखर जास्त. दिवस जातील तसं त्या साखरेचं पिठात म्हणजे स्टार्चमध्ये रूपांतर होतं आणि दाणा घट्ट होत जातो. या दोन टोकांच्या मधे काही दिवस असे येतात, की दाणा बोटाने दाबला जाईल इतका मऊ असतो, चावायला भरलेला असतो आणि त्यात गोडवाही उरलेला असतो. हाच हुरड्याचा काळ. लवकर काढला तर हाती चोथा येतो, उशीर झाला तर दाणा कडक होतो.

खास हुरड्यासाठी गूळभेंडी, सुरती यांसारखी वाणं बांधाच्या कडेला किंवा शेताच्या एखाद्या तुकड्यात लावायची पद्धत आहे. त्यांचा दाणा जास्त गोड असतो आणि बोंडातून सहज सुटतो.

भाजायची रीतही ठरलेली. जमिनीत छोटा खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवायच्या. ही आगटी. जाळ बसला की निखाऱ्यात कणसं खुपसायची. भाजलेलं कणीस गरम असतानाच तळहातावर चोळायचं, कोंडा फुंकून उडवायचा आणि दाणे समोरच्याच्या हातावर ठेवायचे. एक जण भाजतो, एक जण चोळतो, बाकीचे खातात, आणि मग पाळी बदलते. हुरडा एकट्याने खायचा पदार्थ नाही, तो असा.

भाकरी फुगते कशी?

गव्हात ग्लूटेन असतं. ते कणकेला चिवट बनवतं, म्हणून पोळी लाटता येते. ज्वारीत ग्लूटेन नसतं, त्यामुळे साध्या गार पाण्यात मळलेलं पीठ तुटतं. इथे आपल्या आज्या-पणज्यांनी शोधलेली युक्ती कामी येते, ती म्हणजे गरम पाणी. कढत पाण्याने पिठातला थोडा स्टार्च शिजतो, चिकट होतो आणि पीठ बांधून ठेवतो. मग परातीत ते तळव्याने रगडून मळायचं आणि थापायचं.

दळून फार दिवस झालेल्या पिठाची 'विरी' जाते, म्हणजे ते नीट बांधलं जात नाही आणि थापताना भाकरी चिरते. म्हणून ज्वारीचं पीठ थोडं थोडं दळून आणण्याची सवय अनेक घरांत आजही आहे.

तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवतात. त्याने वरचं कोरडं पीठ निघतं आणि पृष्ठभाग ओला राहून तिथे पातळ पापुद्रा धरतो. पुढे भाकरी आचेवर गेली की आतल्या पाण्याची वाफ होते, ती पापुद्र्याखाली अडकते आणि भाकरी टम्म फुगते. चीर पडली असेल तर वाफ तिथून निसटते.

पोषणाचं म्हणाल तर १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तेवढेच तंतुमय पदार्थ असतात. तंतू भरपूर असल्याने पोट बराच वेळ भरलेलं राहतं. उरलेल्या भाकरीचंही सोलापूरकरांनी सोनं केलं आहे. पापडासारखी खुटखुटीत 'कडक भाकरी' आणि शेंगदाण्याची चटणी ही प्रवासाची शिदोरी आज पाकिटातून शहरांत पोचली आहे.

दामाजीपंतांची गोष्ट इथे का आठवते?

पंधराव्या शतकात हा भाग बिदरच्या बहामनी राजवटीखाली होता. दामाजीपंत हे मंगळवेढ्याचे अधिकारी. परंपरा सांगते, की मोठा दुष्काळ पडला, माणसं अन्नावाचून मरू लागली, तेव्हा दामाजींनी सरकारी कोठारं लोकांसाठी खुली केली. बादशहाची परवानगी न घेता. शिक्षा अटळ होती. मग विठ्ठलाने विठू महाराचं रूप घेऊन बिदरला जाऊन धान्याची किंमत भरली, अशी कथा आहे.

कथेतला चमत्कार श्रद्धेचा भाग. पण गोष्ट ज्या प्रश्नावर उभी आहे तो अगदी खरा आहे: धान्य आहे आणि माणूस उपाशी आहे, तर कोठाराचं दार कोणी उघडायचं? मंगळवेढ्यात दामाजींचं मंदिर आहे आणि गावाला आजही 'दामाजींचं मंगळवेढा' म्हणतात.

याच गावाच्या कुसाचं बांधकाम करताना, १३३८ मध्ये, भिंत कोसळून संत चोखामेळा गेले. ज्यांच्या श्रमावर गाव उभं राहिलं, त्यांना गावात बरोबरीची जागा नव्हती. अन्नाविषयी कृतज्ञता म्हणताना ते पिकवणाऱ्या, काढणाऱ्या, वाहणाऱ्या हातांची आठवण का ठेवायची, हे या दोन गोष्टी एकत्र वाचल्या की कळतं.

मातीचे आभार मानायचा दिवस

सोलापूर, धाराशिव, लातूर आणि लगतच्या कर्नाटकात मार्गशीर्ष अमावस्येला 'वेळ अमावस्या' साजरी होते. बोलीत 'येळवस'. ज्वारी शेतात उभी असते तेव्हाच हा सण येतो. त्या दिवशी घरं ओस आणि शेतं माणसांनी भरलेली असतात.

कडब्याची छोटी खोप उभी करायची, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, पूजा करायची आणि मग पंगत. अनेक भाज्या-डाळी घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकात केलेली ज्वारीची आंबील. आंबील आधी पिकावर शिंपडतात, मग माणसं पितात. पीक अजून घरात आलेलं नाही, येईल की नाही तेही माहीत नाही, तरी आभार आधीच मानले जातात. शेजाऱ्यापाजाऱ्यांना, ज्यांना शेत नाही त्यांनाही आग्रहाने जेवायला नेलं जातं.

छोट्या सुखांची दखल घेतल्याने खरंच फरक पडतो?

रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये एक प्रसिद्ध अभ्यास मांडला. एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, दर आठवड्याला ज्याबद्दल आभारी वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. काहींनी कटकटी लिहिल्या. पहिल्या गटाला आपलं आयुष्य एकंदरीत जास्त बरं वाटत होतं. नंतरच्या संशोधनातून असं दिसतं, की हा परिणाम फार मोठा नसतो, पण असतो. कर्ज, आजारपण किंवा नापिकी यावर तो उपाय नव्हे.

आपल्याकडे हे काम वहीत कमी आणि ओवीत जास्त झालं. पहाटे जात्यावर दळताना बायकांनी भाऊ, लेक, पाऊस, पंढरी यांच्याबद्दल जे जे वाटलं ते गायलं. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या गावांमधून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांत दुःख भरपूर आहे, आणि त्याच्या शेजारीच छोटी छोटी सुखंही आहेत.

मग काळजी कसली?

गेल्या काही दशकांत महाराष्ट्रात ज्वारीचं क्षेत्र मोठ्या प्रमाणावर घटलं आहे. कारणं सरळ आहेत.

पहिलं, ताटात बदल. रेशनवर गहू-तांदूळ आला, भाकरीची जागा पोळीने घेतली.

दुसरं, पाणी. जिथे कालवा किंवा विहिरीचं पाणी पोचलं तिथे ऊस आणि फळबागांत जास्त पैसा दिसू लागला.

तिसरं आणि सगळ्यात अवघड, काढणी. रब्बी ज्वारी बऱ्याच ठिकाणी आजही हाताने मुळासकट उपटतात, पेंढ्या बांधतात, कणसं खुडतात आणि मग मळणी होते. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात हे काम करायला माणसं मिळत नाहीत आणि मिळाली तर मजुरीचा हिशेब जुळत नाही.

तरीही शेतकरी मालदांडी पूर्ण सोडत नाही, त्याचं एक मोठं कारण कडबा. गोड, रसदार कडबा हे जनावरांचं वर्षभराचं वैरण. दुष्काळी वर्षात तर कधी कधी दाण्यापेक्षा कडब्याचीच चर्चा जास्त होते. गोठ्यातली गाय आणि घरातली चूल एकाच ताटावर जगतात, असं हे पीक आहे.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष जाहीर केल्यावर शहरांत ज्वारीची चर्चा वाढली. चर्चेचा फायदा शेतापर्यंत पोचायचा असेल तर भाकरी रोजच्या ताटात यायला हवी.

थोडक्यात, आपण काय करू शकतो?

- हुरड्याला जाल तेव्हा शेतकऱ्याच्या शेतात जा, आणि ज्वारी कोणी पेरली, कोण काढणार आहे, हे विचारा.
- धान्य घेताना वाणाचं नाव विचारा. मालदांडी असेल तर चार पैसे जास्त का, हे आता तुम्हाला माहीत आहे.
- पीठ थोडंच दळून आणा. भाकरी मोडत असेल तर दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो, शिळ्या पिठाचा असतो.
- आठवड्यातून दोन-तीन वेळा पोळीऐवजी भाकरी करा.

आणि पुढच्या वेळी टम्म फुगलेल्या भाकरीचा फोटो टाकाल तेव्हा ती थापणाऱ्या हाताचं नावही लिहा. घरातली ती व्यक्ती पोस्ट वाचेल तेव्हा तिलाही बरं वाटेल.