उपग्रहाचा एक ठिपका आणि आपला एक गुंठा



काल उसाला पाणी लावून बांधावर टेकलो होतो. पुतण्यानं मोबाईलवर आमच्या गटाचा उपग्रहाचा फोटो उघडला. हिरवे-पिवळे चौकोनी ठिपके. म्हणला, "तात्या, यातला एक ठिपका दहा मीटर बाय दहा मीटर." मी मनात हिशेब केला. १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटर आणि वर थोडं. म्हणजे वरून बघणारा एका ठिपक्यात आपला एक गुंठाच बघतोय की!

तेव्हापासून डोक्यात हाच विषय आहे. गुंठा आला कुठनं आणि उपग्रह गुंठ्यापर्यंत पोचला कसा, ते आज लिहितो.

गुंठा आला साखळीतनं. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, तो एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. जुन्या टिपणावर जे आणे लिहिलेले दिसतात ते पैशाचे नाहीत, या साखळीचे आहेत.

या मोजणीचा इतिहास आमच्याच इंदापूर तालुक्यातनं जातो. पेशवाई गेल्यावर पुणे भागात प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं पाहणी केली. त्याचा हिशेब कागदावर फार बारीक होता. कुठल्या जमिनीत किती पिकतं, खर्च किती, उरतं किती, त्यावर सारा किती. पण खालनं आलेले आकडेच खरे नव्हते. वावरात न जाता लिहिलेलं, कुणाचं वाढवलेलं, कुणाचं कमी केलेलं. सारा बसला भलताच. रयतेनं जमिनी सोडल्या, पडीक वाढलं.

मग १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापुरातनं नव्यानं काम सुरू केलं. यांनी उत्पन्नाचा बारीक हिशेब बाजूला ठेवला आणि जमीन बघितली. शेताचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात खणून मातीची खोली बघायची, रंग-पोत बघायचा. चुनखडी आहे का, उतार आहे का, पाणी साचतं का, पाण्यानं माती वाहून जाते का? दोष असेल तशी प्रत खाली. अशा नऊ प्रती, १६ आण्यांपासून खाली. त्यावर सारा ठरला आणि तो ३० वर्षं बदलायचा नाही असं झालं. हे काही शेतकऱ्याच्या प्रेमापोटी नव्हतं, सरकारला सारा नियमित पाहिजे होता. पण पद्धत टिकली आणि पुढं मुंबई इलाखाभर गेली. सातबाऱ्यावर 'आकारणी' म्हणून जो छोटासा आकडा असतो, त्याचं मूळ या कामात आहे.

त्याच काळात देशभर दुसरी मोजणी चालू होती. १८०२ साली मद्रासजवळ लॅम्बटननं त्रिकोणांची मोजणी सुरू केली. डोंगरावरनं डोंगराला कोन धरायचा, त्रिकोणाला त्रिकोण जोडायचा, असं करत उत्तरेकडं सरकायचं. लॅम्बटन १८२३ साली आपल्या हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथंच आहे. पुढं हे काम एव्हरेस्टनं हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं.

आता गंमत बघा. लॅम्बटनच्या मोजणीनं देशाचा सांगाडा उभा राहिला, अक्षांश-रेखांशासकट. आपल्या गावचे नकाशे मात्र साखळी ओढून गावापुरते बनले. गावाच्या आत माप बरोबर, पण पृथ्वीवर ते गाव नेमकं कुठं बसतं हे त्या कागदावर नाही. म्हणून जुना गट नकाशा उपग्रहाच्या फोटोवर ठेवला की रेघ कधी शेजाऱ्याच्या उसात जाते, कधी ओढ्यात. मोबाईलवरची ती रेघ दाखवून बांधावर भांडायला उभे राहणारे मी बघितलेत. बाबांनो, ती रेघ म्हणजे मोजणी नव्हे. हद्द ठरते ती अभिलेख आणि जागेवरची खूण जुळवून, हातात साखळी असो नाहीतर आजचा रोव्हर.

आता आकाशातल्या डोळ्याकडं येऊ. आपल्या देशात याची सुरुवात नारळापासनं झाली. १९७० साली केरळात नारळाच्या मुळांचा रोग पसरला होता. प्रा. पिशारोटी यांनी हेलिकॉप्टरमधनं अवरक्त फिल्मवर बागांचे फोटो घेतले. हेच पिशारोटी आधी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक होते. निरोगी पान डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश जोरात परत फेकतं, झाड आजारलं की ते कमी होतं. म्हणून फोटोत रोगट झाडं वेगळी दिसली. आज मोबाईलवर पिकाचा हिरवेपणा दाखवणारे रंग येतात, ते याच तत्त्वावर.

पुढं १९७९ ला भास्कर-१ गेला. १७ मार्च १९८८ ला आयआरएस-१ए गेला, जमीन बघणारा आपला पहिला पक्का कामाचा उपग्रह. त्याच्या एका कॅमेऱ्याचा ठिपका ७२.५ मीटरचा, म्हणजे ५२ गुंठे. सव्वा एकराच्या वरच. दुसऱ्या कॅमेऱ्याचा साधारण १३ गुंठ्यांचा. त्याच जागी परत यायला २२ दिवस. जिथं सलग एकच पीक आहे तिथं हे चालायचं, आपल्या तुकड्या-तुकड्यांच्या शिवारात एका ठिपक्यात तिघांची वावरं यायची. १९९५ च्या आयआरएस-१सी वर रंगीत ठिपका साडेपाच गुंठ्यांवर आला. आणि २०१५ पासून युरोपच्या सेंटिनेल-२ नं तो एका गुंठ्यावर आणला, तोही फुकट. दुसरा जोडीदार उपग्रह २०१७ ला गेल्यावर दर पाच दिवसांनी फेरी होऊ लागली. पावसाळ्यात ढग आडवे येतात, तिथं रडारचे उपग्रह लागतात. आपला रिसॅट-१ त्यासाठी २०१२ ला गेला.

त्याच २०१२ साली दिल्लीत महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र सुरू झालं. देशात कुठलं पीक किती क्षेत्रावर, याचा अंदाज तिथं उपग्रहाच्या चित्रांवरनं काढतात. २०२१ साली केंद्रानं नकाशांवरची बरीच बंधनं उठवली, त्यानंतर खासगी कंपन्यांची ॲपंही वाढली. २०२३ च्या खरिपापासून पीक विम्यात भात आणि गहू यांच्या उत्पादन अंदाजात तंत्रज्ञानाला किमान ३० टक्के वजन आलं.

पण संगणकाला 'हा ठिपका कांद्याचा, तो उसाचा' हे कुणी शिकवायचं? कुणीतरी वावरात उभं राहून सांगावंच लागतं. म्हणजे विंगेटच्या माणसांसारखं पुन्हा जागेवरच जायचं.

आणि इथं माझी चूक सांगतो. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर सुरू झाली. पुढच्या हंगामात मी गटाच्या कोपऱ्यावर उभा राहिलो, समोरच्या उसाचा फोटो काढला आणि तीन एकर ऊस भरून मोकळा झालो. आत एक एकर रांगडा कांदा होता. म्हणलं, कोण बघतंय! २०२३ च्या फेब्रुवारीत कांदा मातीमोल गेला. नंतर सरकारनं क्विंटलला ३५० रुपये अनुदान काढलं. माझ्याकडं बाजार समितीची पट्टी होती, साठ क्विंटलची. सातबाऱ्यावर मात्र सगळा ऊस. सांगायला गेलो तोवर वावरात कांद्याची पातसुद्धा राहिली नव्हती. एकवीस हजार गेले, आणि दोष दुसऱ्या कुणाला देता येत नाही. प्रिंगलच्या वेळी वावरात न जाता खोटं लिहिणारे दुसरे होते, इथं मीच होतो.

आता मी प्रत्येक पिकात जाऊन वेगळा फोटो काढतो. क्षेत्र गुंठ्यात मोजून भरतो, पोटखराबा सोडून. आंतरपीक असेल तर तेही. नोंद झाल्यावर सातबारा उघडून बघतो. अर्धा तास जातो.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी साखळीच्या आण्यांचं जुनं टिपण असेल तर जपून ठेवा. आणि यंदाची पीक पाहणी अजून राहिली असेल तर उद्या सकाळीच वावरात जाऊन उरकून घ्या.