कवंदीचे कोपरे आणि गोधडीचा धावदोरा

जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक घालून ते धावदोऱ्याने, म्हणजे कापडात सरळ रेषेत वरखाली जाणाऱ्या साध्या टाक्याने, एकजीव करण्याची रीत महाराष्ट्रात गोधडी किंवा वाकळ, उत्तर कर्नाटकात कौदी आणि बंगालमध्ये कांथा या नावांनी घरोघर चालत आली आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी बंगालमधील सातगाव-हुगळी परिसरातून टसर रेशमाच्या भरतकामाच्या रजया युरोपात नेल्या आणि त्यांतील काही आज लंडन व लिस्बन येथील संग्रहालयांत आहेत. परंतु त्या दरबारी वस्तूंपेक्षा गोधडीच्या कुळाचा अधिक बोलका पुरावा सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर व मुंडगोड या तालुक्यांत सापडतो.

या भागातील सिद्दी समाजाच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणले होते आणि तेथून निसटलेल्यांनी घाटावरच्या रानांत वस्त्या केल्या. हिंदू, ख्रिस्ती व मुसलमान अशा तिन्ही धर्मांत विभागलेल्या या समाजातील स्त्रिया आजही कवंदी शिवतात. कवंदी म्हणजे तुकड्यांची गोधडी. तिच्या चारही कोपऱ्यांवर रंगीत कापडाच्या घडी घातलेल्या त्रिकोणांचे झुबके लावतात, त्यांना ‘फुले’ म्हणतात, आणि फुलांवाचून कवंदी नागडी राहते, असे जुन्या बायका सांगतात. अमेरिकी कला-इतिहासकार हेन्री ड्रूअल यांनी या कलेचा अभ्यास केला आणि 2004 मध्ये सिद्दी स्त्रियांची शिवणकाम-सहकारी संस्था उभी राहण्यास हातभार लावला, तेव्हापासून कवंदी जगभरच्या प्रदर्शनांत पोचली आणि तिच्या उगमाचा वादही तिच्यामागे गेला.

एका मताप्रमाणे कवंदी ही आफ्रिकेची देणगी आहे. या मताचा मुख्य आधार म्हणजे अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या गीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या रजयांशी तिचे दिसणारे साम्य: ठळक रंग, आखीव नक्षीला न जुमानणारी तुकड्यांची मांडणी आणि एकात एक बसणारे चौकोन. हे साम्य डोळ्यांना पटते, पण हातांच्या साक्षीने टिकत नाही. अमेरिकेत नेलेल्या आफ्रिकी लोकांचे पूर्वज बहुतांशी खंडाच्या पश्चिम व मध्य भागांतले होते, तर गोव्यात आलेले मुख्यतः मोझांबिककडचे. शिवाय गीज बेंडच्या रजईतील चौकोन हे वरच्या तुकड्यांच्या जोडणीतून, मधल्या तुकड्याभोवती पट्ट्या वाढवत तयार होतात, तर कवंदीतील चौकोन टाक्यांच्या वाटेने, कडेकडून आत येत तयार होतात. म्हणजे एकीची वाढ गाभ्यातून बाहेर होते आणि दुसरीची कडेकडून गाभ्याकडे.

नेमकी ही कडेकडून आत येणारी वाट दख्खनच्या अनेक गोधड्यांत आढळते. चौकटीवर ताणून बसवलेल्या कापडावर टाका कोठूनही घालता येतो. पण जमिनीवर पसरलेल्या सुट्या थरांवर बसून शिवणारी बाई आधी कडा बांधते, कारण कडा मोकळ्या राहिल्या तर आतले जुनेर, म्हणजे झिजलेले लुगडे, सरकून गोळा होते. कडेची ओळ संपली की कोपऱ्यावर गोधडी काटकोनात फिरवून दुसरी ओळ बोटभर आत घ्यायची आणि असे फिरत मध्यावर यायचे, ही पद्धत चौकटीच्या अभावातून जन्मलेली दिसते. हल्याळच्या शेजारी खानापूर-बेळगावचा मराठी-कन्नड पट्टा आहे, सिद्दींच्या बोलण्यात कोकणीचा मोठा वाटा आहे, आणि कवंदी हे नाव कौदीच्या अगदी जवळचे आहे. या सर्व खुणा एकत्र ठेवल्या असता टाका दख्खनी, नाव कानडी वळणाचे, फुले कोकणीतली आणि रंगांची धीट मांडणी मात्र सिद्दी स्त्रियांची स्वतःची, हा निष्कर्ष अधिक सयुक्तिक ठरतो. आफ्रिकेतून आली ती नजर, तंत्र येथेच मिळाले.

या वादाचा निकाल लावणारा पुरावा घराघरांतील जुन्या गोधड्यांत दडलेला आहे, कारण झिजलेली गोधडी टाकून न देता नव्या गोधडीच्या पोटात थर म्हणून घालण्याची रीत असल्याने एका गोधडीत दोन-तीन पिढ्यांचे कापड सापडू शकते. लाल रंग मंजिष्ठेचा की 1869 नंतर बाजारात आलेल्या कृत्रिम अलिझारिनचा, हे प्रयोगशाळेत पुष्कळदा ओळखता येते, आणि त्यावरून थराच्या वयाचा अंदाज बांधता येतो. लोखंडाच्या क्षारांनी काळे केलेले सूत आपोआप विरते, म्हणून जुन्या गोधडीतील काळे पट्टे सर्वांत आधी फाटतात. ते उसवून नवे कापड लावणे म्हणजे पुराव्याचे पान फाडणे होय.

म्हणून घरातील जुनी गोधडी धुण्यापूर्वी ओलसर पांढऱ्या सुती कापडाने रंग सुटतो का ते पाहावे आणि सुटत असेल तर ती धुऊच नये. तिला प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये, कारण आत दमट हवा अडकून बुरशी येते. धुतलेल्या मलमलीत, शक्य तर रुंद नळीवर गुंडाळून, उन्हापासून दूर ठेवावी, आणि घडी घालणे भागच असेल तर वर्षातून एकदा घडीची जागा बदलावी. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू देऊ नयेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गोधडी कोणी शिवली, कोणत्या गावी, आत कोणाचे लुगडे आहे आणि दोरा कोणत्या कोपऱ्यातून सुरू झाला, हे घरातील वडीलधाऱ्या बायकांना विचारून पेन्सिलीने सुती फितीवर लिहावे आणि ती फीत दोन सैल टाक्यांनी कडेला टाचावी.